मामांचं खरं उत्पन्न

प्रत पहिली

रकाना सात. एका छपराखाली राहणाऱ्या प्रत्येक कमावत्या व्यक्तीचे मासिक उत्पन्न.

पहिल्या ओळीत ताईचे अकरा हजार लिहून झाले. दुसऱ्या ओळीत भावोजींचे तेरा. तिसऱ्या ओळीपाशी भावोजींनी पेन थांबवलं, मान तिरकी केली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून उसवलेली चप्पल शिवणाऱ्या आपल्या मेहुण्याला विचारलं, "शेठ, आपला आकडा?"

मामांनी दाभण चपलेत तसाच रुतवून ठेवला. "तुम्हाला माहीत आहे की."

"माहीत आहे हो. पण तुमच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं."

"चाळीस," मामा म्हणाले आणि पुन्हा चपलेत डोकं घातलं.

मामा हा ताईचा धाकटा भाऊ. भाची लग्न होऊन दूर गेली त्यालाही चार वर्षं झाली, पण ती ज्या नावाने हाक मारायची ते नाव घरातच राहिलं आणि पुढे गल्लीभर झालं. धंदा चष्मे दुरुस्तीचा. दुकान म्हणजे एका ऑफिसच्या इमारतीत जिन्याखाली उरलेली तिरकी जागा. तिथे मामा बसू शकत, गिऱ्हाईक बसू शकत असे, उभं मात्र दोघांपैकी एकालाच राहता येई आणि तेही दाराच्या बाजूला.

सात वर्षांपूर्वी भागीदाराबरोबरचं मोठं दुकान बुडालं तेव्हा मामा एक ट्रंक आणि काच घासायचं यंत्र घेऊन बहिणीकडे राहायला आले. ताईने काळजीने विचारलं, "नवीन जागेत भागतं ना रे?" त्यावर "हो, भागतं" एवढं म्हणून गप्प बसायचं. पण मामा म्हणाले, "भागतं काय विचारतेस? चष्म्यात फार पैसा आहे." तेव्हाचा आकडा वीस हजार होता. शेजारच्या मुलाला बढती मिळाली तेव्हा मामांनी स्वतःला पंचवीस दिले. भाचीला श्रीमंत सासर मिळालं तेव्हा एकदम पस्तीस. दरवर्षी न मागता पगारवाढ मिळणारा आणि त्याबद्दल मालकाचा एक शब्दही ऐकून न घेणारा असा नोकर दुसरा झाला नसेल.

घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. एवढं मिळवणारा माणूस घरखर्चाला महिन्याला चारच हजार कसा देतो? मामांनी बराच विचार करून तोडगा काढला: चिक्कूपणा. ते खोल्याखोल्यांतून दिवे मालवत फिरू लागले. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवू लागले. "श्रीमंत माणूस श्रीमंत का राहतो? चप्पल शिवून वापरतो म्हणून," असं ते सांगू लागले आणि गल्लीतले दोघेतिघे खरोखरच पैसे कुठे गुंतवावेत हे विचारायला येऊ लागले. लोक पाठीमागे "चिक्कू मामा" म्हणत. मामांच्या कानावर ते येई आणि त्यांना मनातून बरं वाटे. चिक्कू म्हणजे निदान आहे त्याच्याकडे, असा त्याचा अर्थ होत होता.

"अकरा, तेरा आणि चाळीस," भावोजींनी बेरीज केली. "चौसष्ट. म्हणजे तिसरी पायरी. शेठ, तुमच्या श्रीमंतीनं आम्हाला पार भिकेला लावलं."

अर्ज सरकारी आरोग्य विमा योजनेचा होता आणि तिच्या तीन पायऱ्या होत्या. घराचं उत्पन्न तीस हजारांच्या आत असेल तर पहिली: हप्ता जवळजवळ सगळा सरकार भरणार. तीस ते पंचेचाळीस दुसरी: अर्धा तुम्ही, अर्धा सरकार. त्यावर तिसरी: तुमचं तुम्ही बघा. आणि तिसऱ्या पायरीचा हप्ता म्हणजे ताईचा अडीच महिन्यांचा पगार.

ताई लाँड्रीत कामाला होती. साधीसुधी लाँड्री नव्हे. चार इस्पितळांच्या चादरी तिथे धुतल्या जात. गरम रोलरच्या तोंडाशी दोन बायका उभ्या राहून ओली चादर दोन्ही कोपरे धरून, हात खांद्याच्या वर नेऊन, झटकून आत सोडत. ताईने तेवीस वर्षं चादरी सोडल्या. गेल्या हिवाळ्यापासून तिचा उजवा हात छातीच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, खांद्यातली दोरी फाटली आहे, शिवावी लागेल, आणि फार दिवस थांबलात तर शिवण्याजोगी राहणार नाही. पूर्वी लाँड्रीचा स्वतःचा विमा होता. तो मालकाने बंद केला आणि कामगारांना सांगितलं, सरकारी योजना आहे की. ती आहेच. गेल्या वर्षी याच रकान्यात याच चाळीस हजारांनी तिला अडवलं होतं. तेव्हा हात वर जात होता, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही.

"फाडा ती," ताई म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. काहीतरी सुचेल."

भावोजींनी पहिली प्रत फाडायला घेतली. मामा घाईने म्हणाले, "फाडू नका, मागची बाजू कोरी आहे," आणि घडी करून खिशात घातली. दोघा नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. यात नवीन काही नव्हतं.


पहिल्या प्रतीची मागची बाजू (मामांच्या अक्षरात, दुकानात बसून)

चाळीस हजार.
तीस हजार, सध्या मंदी.
ताई, तुला एक सांगायचं होतं.
बारा.
ताई, रागावू नकोस.
नऊ? (नऊ कुणाला खरे वाटणार.)
साडेसहा.
पेचकस, बारीक, एक. स्क्रू, एक पुडी.


प्रत दुसरी

दुसरी प्रत भावोजींच्या डोक्यातून निघाली.

भावोजी त्याच लाँड्रीची गाडी चालवत. इस्पितळांतून मळक्या चादरींची गाठोडी आणायची आणि पांढऱ्या घड्या पोचवायच्या. गाडी रिकामी होईपर्यंत इस्पितळाच्या मागल्या दाराशी उभं राहायचं आणि समोर विमा योजनेची कचेरी, त्यामुळे गप्पा मारायला माणसं भरपूर. त्या गप्पांत भावोजींचा आवडता विषय म्हणजे त्यांचा कोट्यधीश मेहुणा, जो बसचे पैसे वाचवायला दोन थांबे चालतो. तिथेच कुणीतरी सांगितलं, की छप्पर वेगळं तर उत्पन्न वेगळं.

"सोपं आहे," भावोजी घरी येऊन म्हणाले. "शेठनी वेगळी खोली घ्यायची. आपण दोघंच उरतो. चोवीस हजार. पहिली पायरी!"

"म्हणजे भावाला घराबाहेर काढू?" ताई म्हणाली.

"काढतोय कोण? इथून चार इमारती सोडून घेतील. जेवायला येतील की. चाळीस हजारवाल्याला खोलीचा काय तोटा? काय शेठ?"

आता इथे मामांनी तोंड उघडायला हवं होतं. ते उघडलंही. त्यातून बाहेर पडलं ते असं: "बघतो ना. चांगली मिळाली पाहिजे पण. मला मोकळी हवा लागते."

दुसऱ्या प्रतीवर, रकाना तीन, घरातील व्यक्ती: भावोजींनी पेन्सिलीने दोन लिहून ठेवलं.

मामा खोल्या बघायला निघाले. पहिल्या खोलीची मालकीणबाई मोठ्या अदबीने वागली, कारण तिने चिक्कू मामांबद्दल ऐकलं होतं आणि तिच्या मते असे भाडेकरू भाडं वेळेवर देतात. मामांनी भिंतीवर बोटांनी टकटक केलं, नळ सोडला, बंद केला, खिडकीतून वाकून पाहिलं. "भाडं?"

"सात हजार. तीन महिन्यांचं आगाऊ."

मामांनी पुन्हा नळ सोडला, कारण काहीतरी करणं भाग होतं. "पाण्याला जोर नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या खोलीच्या भिंतीला ओल होती, निदान मामांना दिसली. तिसरीत ऊन फार. चौथी तर खोली नव्हतीच, गच्चीवरची पत्र्याची शेड होती. तिचेही साडेचार हजार ऐकल्यावर मामा म्हणाले, "एवढी मोठी घेऊन मी एकटा काय करू?"

"मामांना पसंत पडेल अशी खोली अजून बांधायची आहे," भावोजी म्हणाले. पण त्यांचं बोलणं हल्ली निम्मं थट्टेचं उरलं होतं. महिना संपायला सहा दिवस होते.

त्या सकाळी मामा तोंड धुऊन स्वयंपाकघरात आले तर ताई केस विंचरत होती. म्हणजे कंगवा धरलेला उजवा हात तिने टेबलावर कोपरावर उभा टेकवला होता आणि ती डोकं खालीवर हलवत होती. हात डोक्यापर्यंत जात नव्हता, म्हणून डोकं हातापर्यंत आलं होतं. एखादं मांजर खुर्चीच्या पायाला अंग घासतं तशी ती मुकाट्याने कंगव्याला डोकं घासत होती. मामा दारातच उभे राहिले. ताईला चाहूल लागली.

"काय बघतोस? चहा ठेव. आणि पातेलं तूच उतरव, ते वरच्या फळीवर आहे."

मामांनी पातेलं उतरवलं. दुसरी प्रत तिथेच टेबलावर होती, पेन्सिलीच्या दोनासकट. चहा उकळेपर्यंत मामा तिच्याकडे बघत राहिले आणि चहा उतू गेला. त्यातला थोडा प्रतीवरही गेला. थोडा मामांनी लोटला असावा.


प्रत तिसरी

ही मामांनी स्वतः भरली. पेनने. दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी उठायच्या आत. सातव्या रकान्यात तिसऱ्या ओळीत त्यांनी लिहिलं: ६,५००. पुढे सही. मग प्रत साखरेच्या डब्याखाली ठेवून, चप्पल हातात घेऊन, आवाज न करता ते घराबाहेर पडले. दुकान उघडायला अजून तीन तास होते. ते तीन तास ते जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. झाडूवाल्याने विचारलं, "भांडण झालं का घरी?" मामा म्हणाले, "होईल."

संध्याकाळी ते परतले तेव्हा मन घट्ट करून तयारीत होते. दार भावोजींनी उघडलं आणि चेहऱ्यावर चक्क हसू!

"अहो शेठ, किती धांदरट तुम्ही. एवढा व्यवहारी माणूस आणि शून्य विसरलात."

"काय?"

"साडेसहा हजार लिहिलंय. मी दिलं शून्य घालून. पासष्ट! तरीच म्हटलं, चाळीसवर किती दिवस राहणार. पण असं ऐन वेळी वाढवायचं का हो? गेलो ना आपण एकोणनव्वदवर."

भावोजींनी प्रत पुढे धरली. मामांच्या निळ्या आकड्याच्या शेपटाला भावोजींच्या काळ्या शाईचं एक गुबगुबीत शून्य लागलं होतं.

सात वर्षांत मामांना एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं. खरं बोलायला माणूस केवढी हिंमत गोळा करतो आणि घरचे ते दुरुस्त करून देतात.

"शून्य काढा," ते म्हणाले.

"आता कसं काढू? पेनने घातलंय."

"भावोजी, ते साडेसहाच आहेत."

"साडेसहा काय?"

"हजार. महिन्याचे. सगळे मिळून. चाळीस कधी नव्हतेच. वीसही नव्हते."

भावोजींनी प्रतीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, मग उगाच दाराची कडी लावली, जणू बाहेर कुणी ऐकत होतं. "मग ते दिवे मालवणं? ती साबणाची चिपटी?"

"दुसरं काय करणार होतो?"

"म्हणजे सात वर्षं तुम्ही चिक्कू नव्हता?"

"नाही."

"आणि मी सगळ्या गावाला..." ते खुर्चीत बसले.

ताई तोवर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडेल असं मामांना वाटलं, ओरडेल असंही वाटलं, आणि दोन्हींसाठी त्यांनी एकेक वाक्य तयार ठेवलं होतं. ताई मनातल्या मनात वजाबाकी करत होती.

"साडेसहा. त्यातले चार घरात देतोस. मग दुपारी काय खातोस तू?"

यासाठी वाक्य नव्हतं.

"मोठ्या हॉटेलात जातो म्हणायचास. म्हणून मी डबा द्यायचं बंद केलं."

"जातो ना. त्याच्या समोर पाववाला आहे."

"गाढव आहेस," ताई म्हणाली. तिने उजवा हात उगारायला घेतला, तो अर्ध्यात अडला, तिचा चेहरा कळवळला, आणि मग डाव्या हाताने तिने मामांच्या डोक्यात एक टपली मारली. ती पुरेशी जोरात होती.


प्रत चौथी

एका घराला प्रती तीनच मिळत. चौथीसाठी भावोजी आणि मामा दोघेही कचेरीत गेले. खिडकीमागच्या कारकुनाने भावोजींना लांबूनच हात केला.

"या! काय म्हणतो तुमचा कोट्यधीश?"

"हा... हाच तो," भावोजी म्हणाले.

कारकून अर्धवट उठून उभा राहिला. मामांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी खुर्चीतून उठून मान दिला, आणि तोही नेमका आज.

चौथी प्रत खिडकीपाशीच भरली. अकरा हजार, तेरा हजार, साडेसहा हजार. बेरीज साडेतीस. दुसरी पायरी. म्हणजे ताईचा सव्वा महिन्याचा पगार. जड होतं, पण घरचा जुना रेडिओ विकून, थोडं उसनं घेऊन जमलं असतं. कारकुनाने आकडा वाचला, मामांच्या शिवलेल्या चपलेकडे पाहिलं आणि भावोजींना डोळा मारला.

"पोहोचलेला माणूस आहे हो तुमचा मेहुणा. चाळीसचे साडेसहा?"

"खरंच साडेसहा आहेत साहेब," भावोजी म्हणाले.

"तुम्हीच नव्हता का म्हणालात, की गादीखाली नोटा ठेवून झोपतो?"

"ते मी गमतीनं."

"गेल्या वर्षीच्या अर्जावर तुमचीच सही आहे. तीही गमतीनं?" कारकुनाने अर्जाच्या कोपऱ्यात लाल गोल काढला. "तपासणी होईल. परवा बाई येतील दुकानावर. दिवसभर बसतील. खोटं निघालं तर दोन वर्षं अर्ज करता येणार नाही, आधीच सांगतो."

दोन वर्षं. बाहेर पडताना दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच हात होता, टेबलावर कोपर टेकवून उभा केलेला.

"मी आपलं हसवायला सांगायचो," भावोजी रस्त्यात म्हणाले.

"हसायचे का लोक?"

"फार."

"मग ठीक," मामा म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले हे भावोजींना कळलं, त्यामुळे त्यांना आणखीच कसंतरी झालं.


तपासणी

ताईने लाँड्रीत एकाच बाईला सांगितलं. रोलरच्या दुसऱ्या टोकाला चादरीची घडी घालणारी तिची मैत्रीण. दोघींच्या मध्ये यंत्राचा आवाज, त्यामुळे जे काही सांगायचं ते ओरडून सांगावं लागे. "उद्या माझ्या भावाच्या दुकानावर तपासणी आहे! सगळं नीट व्हायला हवं गं! माझा खांदा त्याच्यावरच अवलंबून आहे!"

एवढंच. यात चूक कुणाची?

तपासनीस बाई सकाळी नऊला आल्या. मध्यम वयाच्या, हातात फळी, फळीला कागद. स्टुलावर बसल्या. बसल्यावर दुकान भरलं. त्यांनी भिंती पाहिल्या, खण पाहिले, तळाशी ठेवलेली, कुणी परत न नेलेल्या बिनमालकाच्या चष्म्यांची पेटी पाहिली, आणि म्हणाल्या, "तुम्ही तुमचं काम करा. मी नाहीच असं समजा."

मामांनी त्या नाहीतच असं समजून नेहमीचं काम केलं. म्हणजे काहीच केलं नाही. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. मामांना हायसं वाटू लागलं. आपली गरिबी अशी वेळेवर, नीटनेटकी हजर झाली याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला.

पावणेदहाला लाँड्रीची मैत्रीण आली. "मामा, ही काडी सैल झालीय." तिच्या मागे दुसरी. दुसरीमागे तिसरी. जिन्याला वळसा घालून रांग फाटकापर्यंत गेली. अकरा बायका! कुणी रात्रपाळी संपवून सरळ आलेल्या, कुणी तास-दोन तासांची सुट्टी काढून, हातात स्वतःचे चष्मे, सासूचे चष्मे, शेजाऱ्यांचे चष्मे. एकीने तर उन्हाचा काळा चष्मा आणला होता आणि त्याला काय झालंय हे तिलाही सांगता येईना. मामांच्या दुकानाची तपासणी आहे, दुकान चालतंय असं दिसलं पाहिजे, मग ताईचं काम होईल: असा त्यांचा साधा हिशेब होता.

तपासनीस बाईंनी फळीवर रेघा मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, आडवी पाचवी.

मामांनी त्या रेघा उलट्या बाजूने मोजल्या. आणि खरं सांगायचं तर मोजता मोजता त्यांना आत कुठेतरी एक गुदगुलीही झाली. रांग! सरकारी माणसासमोर! सात वर्षं तोंडाने जे उभं केलं ते आज दोन पायांवर, बावीस पायांवर, दाराशी येऊन उभं होतं. मैत्रिणीने कडक नोट पुढे केली. "घ्या मामा."

"स्क्रू आवळायचे पैसे नसतात," मामा म्हणाले.

"घ्या हो!" तिने डोळे मोठे केले, भुवईने बाईंकडे खूण केली. "आज तरी घ्या. तुम्ही नेहमी जास्तच घेता ना? घ्या, घ्या."

"मी कधी घेतलेत?"

"अय्या, असं काय करता! बाई, फार हुशार आहेत हो आमचे मामा. फार चालतं यांचं दुकान."

बाईंनी रेघ मारता मारता विचारलं, "रोज एवढी गर्दी असते?"

अकरा बायकांनी एका सुरात सांगितलं, "याहून जास्त!"

एवढ्यात ताई आली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, भाऊ एकटा आहे म्हणून. ती फाटकापाशीच थबकली. मामांनी रांगेच्या टोकाशी तिला पाहिलं. तिने पिशवी डाव्या खांद्याला लावली होती आणि उजवा हात पोटाशी धरला होता, जसा आपण दुसऱ्याचं मूल धरतो. तिने काही खुणावलं नाही. ती भावाकडे नुसती बघत राहिली.

मामांनी पेचकस खाली ठेवला. उभे राहिले. बाई बसलेल्या असल्यामुळे उभं राहता आलं.

"बाई, ही सात वर्षांतली पहिली रांग आहे. या सगळ्या माझ्या बहिणीच्या मैत्रिणी आहेत, माझं बरं दिसावं म्हणून आल्यात. माझ्याकडे दिवसाला तीन माणसं येतात. त्यातला एक पत्ता विचारतो." मग ते रांगेकडे वळले आणि आवाज चढवून म्हणाले, कारण शेवटच्या बाईपर्यंत पोचायला हवं होतं, "माझ्याकडे पैसे नाहीत. कधीच नव्हते."

जिन्याखाली असं काही बोललं की ते वर तिसऱ्या मजल्यापर्यंत जातं. कुणीतरी वरून वाकून पाहिलंही.

"पण आम्हाला तर वाटायचं तुम्ही चिक्कू आहात," मैत्रीण म्हणाली. तिच्या आवाजात खरोखरीचं दुःख होतं.

"चिक्कू व्हायला आधी पैसे लागतात, बाई."

रांग हळूहळू पांगली. काळ्या चष्म्यावाली तेवढी थांबली, कारण तिचा चष्मा मामांनी नकळत उघडला होता आणि तो परत जोडायचा होता.

तपासनीस बाई मात्र उठल्या नाहीत. दिवसभर बसायचा नियम होता, त्या दिवसभर बसल्या. दुपारी एक म्हातारा आला, त्याने चष्म्याच्या नाकावरच्या रबरी उशा बदलून घेतल्या. तीन वाजता एकाने पत्ता विचारला. चारला एक पोरगी तुटकी काडी घेऊन आली. मग साडेसहापर्यंत कुणी नाही. ताई बाहेर पायरीवर बसून होती. मामांनी रिकाम्या वेळात बिनमालकाचे चष्मे पुसले, एकेक, दोन्ही काचा.


शेरा (हा भाग कार्यालयाने भरावा)

"या साडेसहा हजारांतून जागेचं भाडं वजा केलंय का?" बाईंनी शेवटी विचारलं.

मामा घुटमळले. "भाडं... म्हणजे ते तर द्यावंच लागतं."

"किती?"

"तेराशे."

"मग उत्पन्न पाच हजार दोनशे." बाईंनी लिहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "बावीस वर्षांच्या नोकरीत मी उत्पन्न लपवणारे खूप पाहिले. वाढवून सांगणारे तुम्हीच."

"पाच दोनशे फार वाईट दिसतं हो," मामा म्हणाले. "सहा लिहा ना."

"मामा!" ताई पायरीवरून म्हणाली. ती भावाला मामा कधीच म्हणत नसे.

"सहा लिहिले तर बेरीज बरोबर तीस होते," बाईंनी शांतपणे समजावलं. "पहिली पायरी तीसच्या आत आहे. तुमच्या त्या साडेसहानं तुम्ही दुसरीवर बसला होता. अर्धा हप्ता भरला असता. पाच दोनशे लिहिले तर बेरीज एकोणतीस हजार दोनशे. मग तुम्हाला जवळजवळ काहीच भरायचं नाही."

मामांनी हिशेब केला. खरं सांगितलं असं वाटत असतानासुद्धा त्यांनी तेराशे हातचे राखले होते आणि ते तेराशे बहिणीच्या खांद्याला महाग पडणार होते. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि तरीही त्यांच्या तोंडून शेवटचा एक प्रयत्न निसटलाच.

"साडेपाच? पायरी तीच राहील की."

"सही कर," ताई म्हणाली.

"तीनशेनं काय बिघडतं? कागदावर जरा बरं..."

"सही कर म्हटलं ना."

मामांनी चष्मा लावला आणि सही केली. सहीच्या शेवटी ते नेहमी एक लांब फराटा ओढत. आज तो त्यांनी आखूड ठेवला. "हे गल्लीत कुणाला कळणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"सगळं गोपनीय असतं," बाई म्हणाल्या.

काळ्या चष्म्यावाली पुन्हा फाटकापाशी येऊन बोलत उभी होती, आणि तिच्याभोवती पाचसहाजणी जमल्या होत्या.

बाईंनी पोचपावती फाडली. शस्त्रक्रियेची तारीख विमा सुरू झाल्यावर मिळेल, साधारण तीन महिने, तोवर जड उचलू नका, असं त्यांनी सांगितलं. ताईने पावती डाव्या हाताने घेतली, दोनदा वाचली आणि भावाला म्हणाली, "दुकान बंद कर आता. येणार कोण आहे?"